त्रिकोण मांडत निघालेला माणूस

भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे ज्याला सगळे टोपोशीट म्हणतात तो, एखाद्या रविवारी निवांतपणे टेबलावर पसरून पाहावा. तपकिरी समोच्च रेषांमधून डोंगर उभे राहतात, निळ्या रेघांतून ओढे वाहू लागतात आणि आता कोणी फारसे चालत नाही अशा पाऊलवाटा तुटक रेघांनी घाट उतरताना दिसतात. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमाकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे प्राचीन देऊळ पाणी उतरले की वर डोकावते, तेवढीच त्यांची खूण. धरणापूर्वीच्या नकाशात मात्र ही गावे आपापल्या वाटांसह जागच्या जागी नांदत असतात. विदर्भातल्या महसुली कागदांत ज्यांना रीठ म्हणतात, त्या उठून गेलेल्या गावांचा मागही अशा जुन्या कागदांवर लागू शकतो.

याच नकाशांत उंच टेकडीच्या माथ्यावर कुठे कुठे एक छोटासा त्रिकोण असतो आणि शेजारी उंचीचा आकडा. आपली नजर त्यावरून सहज घसरते. पण सगळ्या नकाशाचा भार त्या त्रिकोणांनी पेललेला असतो. असे त्रिकोण या देशाच्या भूमीवर विलक्षण काटेकोरपणे मांडत जाण्याचा ध्यास ज्याने घेतला, तो विल्यम लॅम्बटन आपल्याच महाराष्ट्रात, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला चिरविश्रांती घेत आहे.

लॅम्बटनचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या एका साध्या घरात झाला. गणितात बुद्धी चालत होती, पण घरची ऐपत बेताची. तो सैन्यात भरती झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउनला इंग्रज फौज १७८१ मध्ये शरण गेली, तेव्हा युद्धकैदी झालेल्यांत तोही होता. पुढची काही वर्षे कॅनडात सैन्याच्या बराकींची व्यवस्था पाहण्यात गेली. सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना एका डोळ्याची दृष्टी अधू झाली. बढती नाही, पैसा नाही. एखादा या आडबाजूला खचून गेला असता. लॅम्बटन मात्र पुस्तके मागवून गणित आणि भूमितीचा अभ्यास करीत राहिला.

चाळिशी उलटल्यावर तो हिंदुस्थानात आला. त्याच्या पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे असईला मराठी फौजांशी लढलेला आणि नंतर वेलिंग्टनचा ड्यूक झालेला सेनानी. १७९९ च्या म्हैसूरच्या युद्धात एका रात्री कूच चालू असताना लॅम्बटनने ताऱ्यांकडे पाहून ओळखले की फौज उलट्या दिशेने, टिपूच्याच छावणीकडे निघाली आहे. होकायंत्र काढून पाहिले तर त्याचे म्हणणे खरे ठरले.

टिपूच्या पाडावानंतर कंपनी सरकारच्या ताब्यात मोठा मुलूख आला. त्याचा सारा वसूल करायचा, फौजा हलवायच्या, तर नकाशा हवा. लॅम्बटनने योजना मांडली, ती समुद्रापासून समुद्रापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकण्याची. सरकारला नकाशा हवा होता. लॅम्बटनला त्याखेरीज आणखी काही हवे होते. पृथ्वीचा गोल विषुववृत्ताशी किती फुगलेला आहे, हे मोजण्याची संधी त्याला या देशाच्या लांबीत दिसत होती.

रीत सांगायला सोपी आहे. सपाट जमिनीवर एक रेषा अचूक मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्यांतली प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. मात्र पहिल्याच रेषेत चूक झाली, तर ती शेकडो मैल सोबत येते. म्हणून मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी १० एप्रिल १८०२ रोजी सुरू झालेली साडेसात मैलांची मोजणी पुरे सत्तावन्न दिवस चालली. शंभर फुटांची पोलादी साखळी उन्हाने किंचित जरी वाढली तरी हिशेब बिघडणार, म्हणून तिच्यावर सावली धरायची, तापमान टिपायचे आणि मग ती पुढे सरकवायची.

कोन घेण्याच्या थिओडोलाइटचे वजन सुमारे अर्धा टन. लंडनहून येताना ते घेऊन निघालेले जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. पेटीत काय आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने शत्रूचे ते यंत्र सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. हे यंत्र टेकड्यांवर चढवले ते इथल्या माणसांनी. खलाशी, निशाणवाले, हमाल, रानातली वाट काढणारे अशा कितीजणांनी ऊन आणि हिवताप सोसला. त्यांतली कितीतरी माणसे दगावली आणि नावांनिशी त्यांची आठवण राहिली नाही. गावकऱ्यांना या दुर्बिणीचा संशय येई. हा साहेब आमच्या बायाबापड्यांकडे पाहतो, अशी कुजबुज होई. परक्या राज्याचा माणूस आपली जमीन मोजतो आहे, ही त्यांची धास्ती अगदीच निराधार नव्हती.

मद्रास ते मंगळूर साखळी पोहोचली तेव्हा कळले, की द्वीपकल्पाची रुंदी आधीच्या नकाशांत तब्बल चाळीस मैलांनी जास्त दाखवलेली होती. पुढे १८०८ मध्ये, सरफोजीराजांच्या तंजावरात, बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर यंत्र चढवताना दोर तुटला आणि यंत्र दगडावर आदळून त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटन तंबूत शिरला आणि सुमारे सहा आठवडे लाकडी पाचरी, स्क्रू आणि कप्प्यांच्या मदतीने त्याने ते स्वतः सरळ केले.

कन्याकुमारीपासून उत्तरेकडे जाणारा त्याचा मुख्य चाप बीदरपर्यंत आला आणि काम वऱ्हाडाच्या दिशेने सरकू लागले. १८१८ मध्ये या मोहिमेला ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट त्याचा मदतनीस झाला. तोवर लॅम्बटन साठी ओलांडून गेला होता. दम्यासारखी धाप आणि खोकला होता, पण तो थांबला नाही. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना हिंगणघाटच्या मुक्कामी २० जानेवारी १८२३ रोजी त्याचे निधन झाले. मागे मोजून झालेला मुलूख होता सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल. एव्हरेस्टने तो चाप हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेला. राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून सर्वांत उंच ठरलेल्या शिखराला १८६५ मध्ये नाव मिळाले ते एव्हरेस्टचे. ज्याने पहिली साखळी टाकली, त्याच्या नावाचा डोंगर शाळेच्या भूगोलात नाही.

राज्य करण्यासाठी काढलेले हे नकाशे राज्य गेल्यावर आपल्या उपयोगी पडले. एखादी बुजलेली विहीर, मोडलेला घाट, कोणी न सांगितलेली गढी शोधायची, तर जुना नकाशा नव्याशेजारी ठेवावा आणि एकेक खूण ताडून पाहावी. सर्वेक्षण विभागाचे नवे नकाशे २०१७ पासून भारतीय नागरिकांना संगणकावर मोफत उतरवून घेता येऊ लागले, आणि २०२१ मध्ये नकाशांविषयीचे नियम आणखी सैल झाले.

पण नकाशात सगळे नसते. ओढ्याची रेघ असते. त्या ओढ्याला गावात काय म्हणत, कुठल्या वळणावर बैल पाजत, हे नसते. ते घरातल्या आजी-आजोबांना ठाऊक असते. म्हणून जुना नकाशा एकट्याने पाहू नये. त्यांच्यापुढे पसरावा, चष्मा द्यावा, नातवंडांना शेजारी बसवावे आणि ते सांगतील ती नावे पेन्सिलीने लिहून घ्यावीत. या कामाला फार सवड उरलेली नाही.

हैदराबाद-नागपूर रस्ता आजही हिंगणघाटावरून जातो. कापसासाठी नावाजलेले हे गाव ओलांडताना थोडे थांबावे. मुलांना सांगावे, की आपल्या गावाची जागा नकाशावर पक्की करणारा एक माणूस इथपर्यंत येऊन थांबला.