विश्लेषण : बटण दाबताच फोन सुरू कसा होतो? ३१ आज्ञांत उत्तर शोधणारे डेव्हिड व्हीलर कोण होते?

फोनचे बटण दाबले की आधी कंपनीचा लोगो दिसतो, मग होम स्क्रीन. मधल्या काही सेकंदांत बूटलोडर नावाचा छोटासा प्रोग्राम मोठ्या सिस्टीमला मेमरीत आणून बसवतो. संगणकावर लिनक्स टाकणाऱ्यांत आजही वाद रंगतो : हा बूटलोडर एकेक कमांड देऊन हाताने बसवावा, की तयार स्क्रिप्टवर सोपवावा? ‘हाताने की आपोआप’ या प्रश्नाशी अगदी सुरुवातीला भिडलेल्यांपैकी एक होते ब्रिटिश संगणकतज्ज्ञ डेव्हिड व्हीलर.

आधी काय होत असे?
व्हीलर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२७ रोजी बर्मिंगहॅम येथे झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित शिकून ते मॉरिस विल्क्स यांच्या प्रयोगशाळेत आले. तेथे एडसॅक हा संगणक उभा राहत होता. त्याआधी २१ जून १९४८ रोजी मँचेस्टरच्या ‘बेबी’ संगणकाने मेमरीत साठवलेला प्रोग्राम चालवून दाखवला होता. पण त्यातली प्रत्येक आज्ञा बटणे दाबून शून्य-एकच्या रूपात भरावी लागे. पहिल्या प्रोग्राममध्ये आज्ञा होत्या १७. त्या शेकडो झाल्या असत्या तर?

३१ आज्ञांनी काय साधले?
एडसॅकची मेमरी वीज जाताच कोरी होई. प्रोग्राम कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपात असे. पण पट्टी कशी वाचायची, हे कोऱ्या यंत्राला सांगणार कोण? त्यासाठी व्हीलर यांनी ‘इनिशियल ऑर्डर्स’ लिहिल्या. या ३१ आज्ञा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तशा स्विचांवर कायमच्या जोडल्या होत्या. बटण दाबले की त्या मेमरीत उतरत, पट्टी वाचत, अक्षरांतल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत बदलत आणि प्रोग्राम सुरू करून देत. ६ मे १९४९ रोजी एडसॅक चालला, तेव्हा व्हीलर अवघे २२ वर्षांचे होते.

त्याच वर्षी त्यांनी सुधारित आवृत्ती केली. प्रोग्रामचा तयार तुकडा मेमरीत कुठेही ठेवला, तरी त्यातले पत्ते आता आपोआप जुळू लागले. पूर्वी हे गणित माणसाला करावे लागे आणि चुकाही तिथेच होत.

पुढे काय केले?
१९५१ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. सी प्लस प्लस भाषेचे जनक बियार्ने स्ट्राउस्ट्रुप हे त्यांचेच विद्यार्थी. फाइल आकसून लहान करणाऱ्या बीझिप-२ मागची पद्धत त्यांनी मायकेल बरोज यांच्यासह १९९४ मध्ये मांडली. १३ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

मग हाताने की स्क्रिप्टने?
व्हीलर यांनी इतरांचे हातकाम संपवले. पण त्यासाठी प्रत्येक आज्ञा त्यांना स्वतः तोलूनमापून लिहावी लागली. स्क्रिप्टने वेळ वाचतो, चुका टळतात. मात्र ती अर्ध्यावर थांबली आणि संगणक सुरूच होईना, तर आत नेमके काय घडते हे ठाऊक असलेला माणूसच लागतो. म्हणून रोजच्या कामाला स्क्रिप्ट चांगली. पण एकदा तरी हाताने करून पाहिलेले बरे.