विजेला घाबरलेला मार्टिन

आजचं वाचन : रोमकरांस पत्र १:१६-१८

आजचं मनन एका प्रश्नामुळे लिहितेय. गेल्या महिन्यात माझ्या मैत्रिणीचं बाळ गेलं. सांत्वनाच्या प्रार्थनेला आलेल्या कुणीतरी तिला बाजूला घेऊन सांगितलं की घरात एखादं लपलेलं पाप असेल तर कबूल करा, देव उगाच हात उगारत नाही. त्या रात्री तिचा मेसेज आला, देव आमच्यावर रागावलाय का? मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून मी मार्टिन ल्यूथरचं चरित्र परत वाचतेय, कारण या प्रश्नाने तो वर्षानुवर्षं पोळला होता.

ल्यूथर म्हटलं की आपल्याला १५१७ साल आणि ते ९५ सिद्धांत आठवतात. (संडे स्कूलच्या नाटकात हातोडा कुणी धरायचा यावरून आमच्यात भांडणंही झालीत.) मला मात्र त्याआधीचा मार्टिन जवळचा वाटतो. २ जुलै १५०५ ला तो आईवडिलांना भेटून एर्फुर्टला परत चालला होता. वय एकवीस. वडील तांब्याच्या खाणधंद्यातले, पोराने वकील व्हावं ही त्यांची इच्छा. वाटेत श्टोटर्नहाइम गावाजवळ वादळाने गाठलं, वीज अगदी जवळ पडली, आणि वाचलो तर मठात जाईन असा नवस त्याने संत अ‍ॅनाला केला. पंधरा दिवसांनी तो खरंच ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. वडील भयंकर चिडले.

मठात तरी भीती सुटावी? उलट वाढली. उपास, जागरणं, थंडीत कुडकुडणं. पापकबुलीला तो तासन्‌तास बसायचा, आणि उठून गेल्यावर एखादं बारीकसं पाप आठवलं की पुन्हा हजर. १५०७ मध्ये पहिला मिस्सा अर्पण करताना वेदीपाशी तो थरथरला. पवित्र देवासमोर उभं राहायची आपली लायकी काय, हेच डोक्यात. त्याचे वरिष्ठ श्टाउपिट्झ त्याला समजावून थकायचे. स्वतःच्या पापांकडे बघणं सोड, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ, असं सांगायचे.

पुढे तो विटेनबर्गला शास्त्र शिकवू लागला. आधी स्तोत्रं, मग रोमकरांस पत्र. आणि तिथे पहिल्याच अध्यायात सतरावं वचन आडवं आलं, शुभवर्तमानात देवाचं नीतिमत्त्व प्रकट होतं म्हणणारं. ल्यूथरला नीतिमत्त्व म्हणजे न्यायाधीशाचा दंडा एवढंच शिकवलेलं. मरणाच्या आदल्या वर्षी, १५४५ मध्ये, त्याने मोकळेपणाने लिहिलं की हा शब्द मला नकोसा होता, आणि पाप्यांना शिक्षा देणाऱ्या त्या देवावर माझं प्रेम तर नव्हतंच, द्वेष होता. एका मठवासीयाची ही कबुली! आपण एवढं खरं बोलतो का प्रार्थनेत?

पण त्याने ते वचन सोडलं नाही. रात्रंदिवस घोकता घोकता त्याला वचनाचा पुढचा भाग दिसला, नीतिमान विश्वासाने जगेल हा. मग उमगलं की हे नीतिमत्त्व देव आपल्याकडून वसूल करत नाहीये, तो ते देतोय. ख्रिस्ताचं नीतिमत्त्व, विश्वासाने, फुकट. नवा जन्म झाल्यासारखं त्याला वाटलं.

आता गंमत बघा, लगेच पुढचं अठरावं वचन देवाच्या क्रोधाचंच आहे. ल्यूथरने ते खोडलं नाही. अन्याय बघून ज्याला काहीच होत नाही, असा देव मला तरी नको. पण त्या क्रोधाचा घाव वधस्तंभावर ख्रिस्ताने झेललाय, हे ल्यूथर आयुष्यभर सांगत राहिला.

स्वतः मात्र तो इतरांवर कठोरपणे तुटून पडला. १५२५ च्या बंडखोर शेतकऱ्यांवर, आणि १५४३ मध्ये यहुद्यांवर, अत्यंत विखारी शब्दांत. इथे मी त्याची बाजू घेणार नाही. ज्याला कृपा मिळाली त्याने दुसऱ्यांवर वीज पाडावी, हे वाचताना पोटात कालवतं.

मैत्रिणीसाठी मी शोधत होते ते पान १५२८ चं निघालं. त्याची मुलगी एलिझाबेथ त्या ऑगस्टमध्ये गेली, आठ महिन्यांचीही झाली नव्हती. मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की मन विलक्षण हळवं झालंय, बापाचं काळीज लेकरासाठी इतकं तुटतं हे मला माहीतच नव्हतं. वीज कडाडताच नवस करणारा हाच माणूस. पण त्या ओळींत कुठल्या पापाची शिक्षा, याचा हिशेब नाही. तो फक्त रडतो, आणि माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणतो.

काल मी मैत्रिणीला हे सगळं लिहून पाठवलं. अजून उत्तर आलेलं नाही. रविवारी उपासनेनंतर तिच्याकडे जाईन. तुम्हीही तिच्यासाठी प्रार्थना करा. नाव लिहीत नाही, प्रभूला ठाऊक आहे.