पडद्यावरचे तुकोबा : कै. विष्णुपंत पागनीस

आमच्या दिंडीत एका मुक्कामी, हरिपाठ व जेवणे आटोपल्यावर, वाद निघाला. प्रभात कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' हा बोलपट कोणत्या जातीचा म्हणावा? एकजण म्हणाले ऐतिहासिक. तुकोबाराय आणि शिवछत्रपती ही काय पुराणातली पात्रे आहेत? दुसऱ्यांचे म्हणणे पौराणिक. त्यात इंद्रायणीतून वह्या वर येतात, गरुड येतो, विमान येते. तिसरे जरा शिकलेले, ते म्हणाले संतपट. विणेकरीबुवा एवढेच म्हणाले की आपण तो पाहिला तेव्हा पायांतली पायताणे बाहेर काढून मगच आत गेलो होतो.

आम्हांला वाटते, तुकोबा झालेल्या माणसाचे चरित्र पाहिल्यावाचून या वादाचा निवाडा होत नाही.

विष्णुपंत पागनीसांचा जन्म १८९२ साली चिकोडीचा. गळा गोड, म्हणून लहानपणीच नाटकात गेले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे स्त्रीभूमिका करू लागले. पुढे रंगभूमी सुटली. मुंबईत शाळेतल्या मुलांना गाणे शिकवावे आणि भजन करावे, असा त्यांचा क्रम झाला. वंदे मातरम् त्यांनी सारंग रागात गाइले, त्याची तबकडीही निघाली. एकंदरीत गडी नाटकवाल्यांच्या हिशेबी मागे पडलेलाच होता म्हणा ना!

अशा माणसाला दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकांनी तुकोबांसाठी निवडले. साडी नेसून उभा राहिलेला नट तुकोबा कसा शोभेल, ही शंका तेव्हा होतीच. आदल्याच वर्षी प्रभातने एकनाथमहाराजांवर 'धर्मात्मा' काढला होता. त्यात साक्षात बालगंधर्व नाथ झाले होते, तरी लोकांच्या मनात तो तुकारामासारखा बसला नाही. बालगंधर्वांचे गाणे थोरच. पण ऐकणारा गाण्याला दाद देतो आणि नाथ बाजूला राहतात. पागनीस गातात तेव्हा दाद द्यायचे सुचत नाही. ताना नाहीत, गळ्याची कसरत नाही. डोळे अर्धवट मिटलेले, आणि बाकीचे जग जणू त्यांच्या ध्यानीच नाही. हे नटाला शिकवून येत नाही, भजनात बसून येते.

याची एक खूणच आहे. त्या बोलपटातले बीज आणि वृक्षाचे जे पद घरोघर झाले, ते तुकोबांचे नव्हे. शांताराम आठवले यांनी ते लिहिले आणि केशवराव भोळ्यांनी चाल दिली. तरी भल्याभल्यांनी ते गाथ्यात शोधले. गाथा पाठ असणाऱ्यांनी याचा राग धरावा की कौतुक करावे? आम्ही दोन्ही केले आहे. परक्याचे कवन तुकोबांच्या नावावर जावे हे बरे नव्हे. पण पागनीसांच्या तोंडून आले म्हणून ते तसे वाटले, हेही खरे.

मग जात कोणती? चरित्रपट म्हणावे तर तुकोबांचे बालपण त्यात नाही. चमत्कारपट म्हणावे, तर जिजाऊ आडवी येते. गौरीबाईंनी केलेली ती जिजाऊ म्हशीशी भांडते, लेकरांच्या पोटासाठी देवावर पायताण उगारते, आणि शेवटी वैकुंठाला बोलावणे आले तरी संसार टाकून जात नाही. हा भाग तर सामाजिक नाटकातही शोभेल. आमच्या मते हे सारे एका धाग्यात ओवले आहे तो भजनाचा धागा. वारकरी कीर्तनात अभंग धरून दृष्टांत यावेत, तसे चमत्कार येथे अभंगाच्या आधाराने येतात. म्हणून याला आम्ही कीर्तनच म्हणू, फक्त कीर्तनकार पडद्यावर उभा आहे.

मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात तो ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. तिथे विठोबा कोणाला ठाऊक होता? पण गाणाऱ्याचा भाव त्यांनाही पोचला असावा.

पागनीसांचे पुढचे आयुष्य याच छायेत गेले. लोक त्यांच्या पाया पडत. 'संत तुलसीदास' आणि 'नरसी भगत' यांतही त्यांना संतच व्हावे लागले. १९४३ साली ते वारले, वय जेमतेम पन्नाशीचे.

तुकोबांचे म्हणून त्यांचे छायाचित्र कित्येक घरांत देव्हाऱ्यापाशी लागले. आमच्याही घरी होते. नटाची पूजा चालत नाही म्हणून आम्ही तरुणपणी ते एकदा काढून ठेवले. आईने काही न बोलता पुन्हा टांगले आणि तुळशीचे पान वाहिले. ते अजून तिथेच आहे.