मळसरचा शिष्य आणि क्ष-किरणांचं यंत्र



आपल्या ग्रुपवर कोणी प्राणायामाचा व्हिडिओ टाकला की लगेच विचारणा होते, यानं शुगर जाते का? बी.पी. उतरतं का? म्हणून या वेळी आम्ही स्वामी कुवलयानंदांचं चरित्र घेतलं आहे. योगानं शरीरात नेमकं काय होतं, हे शोधण्यात त्यांनी आयुष्य घालवलं.

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, डभोईचा. म्हणजे आपल्या बडोदेकर मंडळींच्या अंगणातलाच! १९०७ ते १९१० बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांकडे त्यांनी शरीर कमावलं. देशाला धट्टीकट्टी पिढी हवी, ही त्या काळची तळमळ त्यांच्यातही होती. पुढे अमळनेरला शिकवलं, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले.

१९१९ साली नर्मदाकाठी मळसरला परमहंस माधवदास महाराज भेटले. पीळदार शरीर आणि स्वास्थ्य या दोन गोष्टी वेगळ्या, हे त्यांना तिथेच उमगलं असावं, असं आम्हाला वाटतं. सहवास मात्र थोडाच लाभला. १९२१ ला महाराजांनी देह ठेवला.

आता खरी गंमत पुढे आहे. गुरूंनी दिलेल्या क्रियांचा अनुभव त्यांना येत होता. गुरुवाक्य म्हणून तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण शिकलेल्या माणसांना हे कसं पटवायचं? ते सरळ बडोद्याच्या दवाखान्यात गेले आणि उड्डियान व नौली करतानाचे क्ष-किरण फोटो काढून घेतले, आतला दाबही मोजला. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणूनच बस्तीच्या वेळी पाणी आपोआप वर ओढलं जातं, असं त्यात दिसलं. या पोकळीला त्यांनी नाव दिलं ‘माधवदास व्हॅक्यूम’.

गुरूंची विद्या अशी यंत्रापुढे ठेवायची म्हणजे अश्रद्धाच की, असं आमच्यातल्या एका ताईंचं म्हणणं पडलं. चहा गार होईपर्यंत वाद चालला. आम्हाला मात्र त्या नावातच सगळी श्रद्धा दिसली.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं, ‘योगमीमांसा’ त्रैमासिक सुरू झालं. १९२७ साली महात्मा गांधींनीही प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला.

आसनांवरच्या पुस्तकात त्यांनी फायद्यांइतक्याच काळजीनं पथ्यं लिहिली आहेत. कान वाहत असेल, हृदय अशक्त असेल, तर शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. अशक्त माणसांसाठी सोपा क्रम वेगळा दिला आहे. फॉरवर्डमध्ये नेमका हाच भाग गळतो बघा!

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींनी देह ठेवला. गुरुबंधूंपैकी कोणी लोणावळ्याला जाणार असेल तर कैवल्यधामला जरूर जाऊन यावं, आणि आल्यावर इथे चार ओळी लिहाव्यात.