जोतीराव फुले आणि अमेरिकेतील गुलामांची मुक्तता

सन १८७३ साली पुणे शहरातील एका गृहस्थांनी ‘गुलामगिरी’ नावाचे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि काळ्या लोकांस दास्यातून सोडविण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस ते अर्पण केले. हे गृहस्थ जोतीराव गोविंदराव फुले होत. समुद्रापलीकडील गुलामांविषयी पुण्याच्या एका माळ्याच्या मुलास इतका कळवळा का वाटला, हे त्यांच्या चरित्रावरून कळून येते.

जोतीरावांचा जन्म सन १८२७ साली झाला. ते वर्षाचे होण्यापूर्वीच त्यांची आई चिमणाबाई वारली. सन १८४१ मध्ये ते पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. सन १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत चालत असता जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच सुमारास अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार ह्यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली, आणि त्याच वर्षी पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवीत. ह्या कामापायी उभयतांस वडिलांचे घर सोडावे लागले. तरी त्यांनी काम सोडले नाही. पुढे अस्पृश्य गणलेल्यांच्या मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या.

आता अमेरिकेकडे पाहू. सन १६१९ साली आफ्रिकेतून धरून आणलेले काही लोक व्हर्जिनियात उतरविण्यात आले. पुढे दोनशेंहून अधिक वर्षे तेथे माणसांची गुरांप्रमाणे विक्री होत असे. सन १८६१ साली युद्ध पेटले. ता. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन ह्यांनी बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त असल्याचे जाहीर केले. सुमारे १,८०,००० काळे शिपाईही ह्या युद्धात लढले. सन १८६५ च्या डिसेंबरात दास्य कायद्याने बंद झाले व सुमारे ४०,००,००० माणसांचे बंधन तुटले. आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवून शूद्रांस मोकळे करावे, अशी जोतीरावांची इच्छा होती.

त्याच सन १८७३ च्या सप्टेंबरात त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला. सन १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे साधारण रयतेच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. ता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते मरण पावले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. तरी त्यांच्या आचरणातून आम्हांस पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

वाचकहो, अमेरिकेत कायदा झाल्यावरही काळ्या लोकांचा मताचा हक्क निर्वेध होण्यास सन १९६५ उजाडले. कायद्याने बेडी तुटते, परंतु शेजाऱ्याचे दार त्याने उघडत नाही. जोतीरावांनी परक्यांच्या सत्कृत्याची स्तुती सन १८७३ मध्ये लिहिली. पण आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस त्यांनी सन १८६८ मध्येच खुला केला होता. आमच्या मंडळ्यांतही सोयरीक जुळविताना किंवा पंगत बसताना पूर्वीच्या जातीची चौकशी होते, हे आम्ही पाहिले आहे. दुसऱ्यांच्या गुलामगिरीविषयी हळहळण्यापूर्वी आपला हौद कोणास बंद आहे, हे आपण प्रत्येकाने पाहावे.