क्षणाची वजाबाकी मांडणारा डॉक्टर

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला निघाले की वाटेत बिडकीन लागते. समजा, तिथे गाडीपुढे एकाएकी बैल आडवा आला. ड्रायव्हरला तो दिसणे आणि त्याचा पाय ब्रेकवर पडणे, यांत थोडा का होईना, वेळ जातोच. हा निसटता क्षण मोजून त्यातून विचाराला लागणारा वेळ वेगळा काढता येतो, हे दीडशे वर्षांपूर्वी दाखवले ते हॉलंडच्या एका नेत्रतज्ज्ञाने. त्याचे नाव फ्रान्सिस्कस डॉन्डर्स.

डॉन्डर्सचा जन्म २७ मे १८१८ रोजी टिलबर्ग गावी झाला. आठ बहिणींच्या पाठीवरचा हा मुलगा तान्हा असतानाच वडील वारले. लष्करी वैद्यकशाळेत शिकून तो १८४७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८५८ मध्ये त्याने तिथे डोळ्यांचे रुग्णालय उभारले. चष्म्याच्या दुकानात आपण लहान होत जाणारी अक्षरे वाचतो ना, तो तक्ता १८६२ मध्ये तयार करणारे स्नेलेन त्याचेच सहकारी.

पण डॉन्डर्सचे कुतूहल डोळ्यांपाशी थांबले नाही. प्राण्याच्या कवटीत काचेची खिडकी बसवून त्याने मेंदूवरच्या रक्तवाहिन्या न्याहाळल्या. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झने बेडकाच्या मज्जातंतूतील संदेशाचा वेग मोजला होता. संदेशाला वेळ लागतो, तर विचारालाही लागणारच, असे डॉन्डर्सने ताडले.

त्याने माणसाच्या दोन्ही पायांना विजेचा सौम्य झटका देण्याची सोय केली. ज्या बाजूला झटका बसेल, त्या बाजूच्या हाताने उत्तर द्यायचे. बाजू आधी ठाऊक असली की उत्तर लवकर येई. ठाऊक नसली की उशिरा. दोन्ही वेळांची वजाबाकी केली, तेव्हा बाजू ओळखून हात निवडायला लागणारा वेळ निघाला: सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग! १८६८ मध्ये त्याने हे संशोधन प्रसिद्ध केले. २४ मार्च १८८९ रोजी तो निवर्तला.

त्याची वजाबाकी मात्र जिवंत राहिली. १९९० नंतर एमआरआय यंत्राने मेंदूचे काम चालू असताना रक्तातल्या प्राणवायूत होणारे बदल टिपता येऊ लागले. अवघड कामाच्या चित्रातून सोप्या कामाचे चित्र वजा करायचे. जो भाग उरेल, तो अवघड कामाचा, असे शास्त्रज्ञ मानू लागले. इथे एक फसगत होते. अवघड कामाला वेळही जास्त लागतो. एकच दिवा तासभर अधिक जळला तर मीटर जास्त पळते; म्हणून दिवा मोठा होता असे ठरत नाही. यावर उपाय असा, की प्रत्येक उत्तराला लागलेला वेळ नोंदवायचा आणि हिशेबात वेगळा धरायचा. मग उरतो तो फरक वेळेमुळे आलेला नसतो. अर्थात तारतम्य हवेच, कारण कधी संथपणा हाच आजाराचा भाग असतो.

हा काथ्याकूट कशाला, असे कुणाला वाटेल. पण उद्या बिडकीनचे एखादे आजोबा आणि त्यांचा नातू यांच्या मेंदूंची तुलना झाली, तर? आजोबा सावकाश उत्तर देणार. वेळ हिशेबात धरला नाही, तर निव्वळ सावकाशीमुळे त्यांच्या मेंदूचे कामच निराळे चालते, असा शिक्का बसायचा. डॉन्डर्सची वजाबाकी घेताना त्याचे घड्याळ मागे ठेवून चालणार नाही.