विश्लेषण : घटनातज्ज्ञ सीरवाई यांनी आपलेच मत का बदलले?

राज्यघटनेतील तरतुदीचा अर्थ लावताना घटनेचा मजकूर आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल हे प्राथमिक आधार असतात. त्या निकालांची संगती लावणारे भाष्यग्रंथ म्हणजे दुय्यम साधने. एच. एम. सीरवाई यांचा ‘कॉन्स्टिट्यूशनल लॉ ऑफ इंडिया’ हा त्यांपैकी अग्रगण्य ग्रंथ. मात्र त्याची कोणती आवृत्ती हाती आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

सीरवाई कोण होते?

होरमसजी माणेकजी सीरवाई यांचा जन्म १९०६ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. सर जमशेटजी कांगा यांच्या चेंबरमध्ये त्यांची वकिली घडली. १९५७ ते १९७४ या काळात ते राज्याचे महाधिवक्ता होते. याच काळात, १९६७ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

केशवानंद भारती खटल्यात भूमिका काय?

ते केरळ सरकारतर्फे उभे राहिले. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. विरोधात होते कांगांच्याच चेंबरमधील नानी पालखीवाला. ६८ दिवसांच्या सुनावणीनंतर २४ एप्रिल १९७३ रोजी १३ न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी मूलभूत चौकटीचा सिद्धान्त मांडला. सीरवाईंना तो मान्य नव्हता.

मग बदल कशामुळे?

आणीबाणीत ३९व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेला. नोव्हेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने याच सिद्धान्ताच्या आधारे ती तरतूद रद्द केली. पुढच्या आवृत्तीत सीरवाईंनी हा सिद्धान्त स्वीकारला. त्यामुळे जुनी आवृत्ती पाहून त्यांचे मत उद्धृत करणारा चुकतो.

अभ्यासकाने काय पाहावे?

भाष्यग्रंथातील मत न्यायालयावर बंधनकारक नसते. चौथ्या आवृत्तीचा शेवटचा खंड १९९६ मध्ये आला. त्याच वर्षी २६ जानेवारीला सीरवाईंचे निधन झाले. आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नाकारणाऱ्या १९७६ च्या जबलपूर निकालावर त्यांनी ग्रंथात कठोर टीका केली होती. तो निकाल नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने रद्दबातल ठरवला, पण २०१७ मध्ये. ग्रंथात ही नोंद सापडणार नाही. म्हणून भाष्यातून दिशा घ्यावी, तळटीपेतील मूळ निकाल वाचावा आणि तो आजही लागू आहे का, हे तपासावे.